महिनाभर रोज एक फोटो: घरातल्या नित्यक्रमाची नोंद कशी ठेवावी

बहुतेक घरांतले जुने अल्बम चाळले, तर त्यांत बारसे, मुंज, लग्न, वाढदिवस आणि सहली सापडतात. पण आजी भाकरी कशी थापत असे, आजोबा वर्तमानपत्र कोणत्या खुर्चीत बसून वाचत आणि शाळेची घंटा होण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात घरात कशी धांदल उडे, हे त्यांत क्वचितच दिसते. समारंभाचा फोटो दुसरे कोणीतरी काढतेच. रोजच्या जगण्याचा फोटो मात्र घरातल्या माणसाने ठरवून काढला नाही, तर तो कधीच निघत नाही. म्हणून सलग एक महिना रोज एक छायाचित्र जपण्याचा संकल्प करावा. साध्या मोबाइलवरही तो पूर्ण करता येतो.

या प्रथेचे एक विलक्षण उदाहरण अमेरिकी छायाचित्रकार जेमी लिव्हिंग्स्टन यांचे आहे. ३१ मार्च १९७९ पासून २५ ऑक्टोबर १९९७ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत त्यांनी दररोज एक पोलरॉइड छायाचित्र काढण्याचा परिपाठ ठेवला होता, आणि त्यांपैकी कितीतरी छायाचित्रांत केवळ मित्र, जेवणे आणि राहत्या खोल्या आहेत. पोलरॉइडची प्रत्येक प्रत जागच्या जागी कागदावर उमटत असल्यामुळे तिथे विचार करूनच बटण दाबावे लागे. मोबाइलवर ही शिस्त आपली आपण लावून घ्यावी लागते: दिवसभरात फोटो कितीही काढले, तरी रात्री त्यांतला एकच ठेवायचा.

सुरुवातीला जून महिना निवडावा, असे मी सुचवीन. महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळा या महिन्याच्या मध्यावर उघडतात, विदर्भात उन्हामुळे काहीशा उशिरा. त्यामुळे एकाच महिन्यात सुट्टीतले सैल दिवस, पुस्तकांना घातली जाणारी कव्हरे, नवा रेनकोट आणि घरभर दोऱ्या बांधून वाळत घातलेले कपडे असे सगळे मिळते. तयार विषयांच्या याद्या, म्हणजे आज लाल रंग, उद्या सावली, या कामासाठी फारशा उपयोगाच्या नाहीत, कारण त्या आपल्याला घराकडे पाहायला लावण्याऐवजी घरात विषय शोधायला लावतात. त्याऐवजी एका कागदावर घरात पहाटेपासून रात्रीपर्यंत काय काय घडते, ते क्रमाने लिहून काढावे: दुधाची पिशवी आत घेणे, पाणी भरणे, डबे भरणे, देवपूजा, दुपारचा चहा, अभ्यास, अंथरुणे घालणे. मग रोज यांतली एक वेळ निवडावी आणि त्या वेळेला दहा मिनिटे शांतपणे तिथेच बसावे. पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळे कॅमेऱ्याकडे पाहतील आणि हसतील; तेव्हा घाई करू नये. मोबाइलची सवय झाली, की माणसे पुन्हा आपापल्या कामाला लागतात.

घरातल्या फोटोचे बरेवाईट मुख्यतः उजेडावर ठरते. पावसाळी आभाळातून येणारा उजेड मऊ असतो, चेहऱ्यावर कडक सावल्या पडत नाहीत. मात्र खिडकीपासून थोडे आत गेले, की तो झपाट्याने कमी होतो. म्हणून काम करणारी व्यक्ती खिडकीपासून दोन-तीन फुटांवर असेल अशी वेळ साधावी, आपण खिडकीच्या बाजूला उभे राहावे आणि शक्य असेल तर ट्यूबलाइट बंद करावी, कारण खिडकीचा व दिव्याचा उजेड मिसळला की त्वचेचा रंग बिघडतो. रात्री दिव्याखालीच फोटो काढावा लागला आणि त्यावर आडवे काळपट पट्टे आले, तर त्याचे कारण विजेत आहे: आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. मोबाइलमध्ये प्रो मोड, म्हणजे कॅमेऱ्याची मांडणी हाताने बदलण्याची सोय असेल, तर शटरचा वेग, म्हणजे फोटोसाठी उजेड आत घेण्याचा वेळ, १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवल्यास हे पट्टे बहुधा जातात. धावणाऱ्या मुलासाठी मात्र हा वेग पुरत नाही. तिथे दिवसाउजेडी १/२५० च्या आसपास जावे. स्वयंपाकघरात काम सुरू करण्यापूर्वी लेन्स सुती कापडाने अवश्य पुसावी. फोडणीच्या वाफेचा तेलकट थर तिच्यावर नकळत बसतो आणि सगळे चित्र धुरकट दिसते.

चेहऱ्याइतकेच हातांकडे लक्ष द्यावे: वाती वळणारे हात, बुटाची नाडी बांधणारे हात, कणीक मळणारे हात. मुलांचे फोटो त्यांच्या उंचीवर बसून घ्यावेत. आणि फोटोपूर्वी खोली आवरू नये, हे मला फार महत्त्वाचे वाटते. भिंतीवरचे कॅलेंडर, फ्रिजवर ठेवलेली औषधे, कोपऱ्यातली स्टीलची पिंपे, खुर्चीवर साठलेली धुण्याची रास यांचे मोल आज जाणवत नाही. पण घर बदलले, की याच गोष्टींवरून ते घर आठवते. फोटो काढणारी व्यक्ती स्वतः कुठेच दिसत नाही, ही अशा संग्रहांतली मोठी उणीव असते. अनेक घरांत ती व्यक्ती आईच असते. यासाठी आठवड्यातून एक दिवस मोबाइल मुलांच्या किंवा आजोबांच्या हाती द्यावा आणि त्या दिवशीची निवडही त्यांच्यावरच सोपवावी.

घरातल्या माणसांची संमती गृहीत धरू नये. आजारी किंवा वृद्ध माणसाला विचारावे, घरकामाला येणाऱ्या बाईंनाही विचारावे, आणि मूल नको म्हणाले तर तो दिवस चहाच्या कपांवर भागवावा. मुलांचे आंघोळीचे किंवा रडतानाचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नयेत. हा संग्रह घरासाठी आहे.

रात्री निवड करताना सुंदर फोटोपेक्षा खरा फोटो ठेवावा, तो वेगळ्या फोल्डरमध्ये हलवावा आणि त्यासोबत तारीख, जागा व एक वाक्य लिहावे, जसे की ‘पाऊस थांबेना म्हणून बाबा कामावर उशिरा निघाले.’ नातेवाइकांना व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकाराने लहान होतो, म्हणून मूळ प्रत हवी असेल तर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. संग्रहाची एक प्रत मोबाइलबाहेर, हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर, दर रविवारी काढून ठेवावी.

महिना संपला की सगळी छायाचित्रे ४ बाय ६ इंचांत छापून घ्यावीत. या आकाराच्या चांगल्या छपाईला १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात, म्हणजे साध्या मोबाइलचा फोटोही चालतो. छापील फोटोच्या मागे बॉलपेनने दाबून लिहिल्यास अक्षरांचे वळ पुढच्या बाजूला उठतात. त्यामुळे नावे, तारीख आणि ते एक वाक्य अल्बमच्या पानावर, फोटोच्या खाली लिहावे.