पाळीवरून, बांधीतून, जिप्सीतून: पक्ष्यांसाठी लांब लेन्स कशी निवडावी

लांब लेन्स घ्यायची म्हटली की आधी ‘किती एमएमची?’ हे विचारले जाते. त्याआधी, तुम्ही बहुतेक वेळा उभे कुठे असणार हे ठरवा. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवरून, म्हणजे काठाच्या बांधावरून, बदके, गोंदियाकडच्या धानाच्या बांधीतला (शेताच्या वाफ्यातला) सारस, नागझिऱ्याच्या झाडीतला नवरंग आणि अकोला-वाशीमच्या माळावर हिवाळ्यात घिरट्या घालणारा भोवत्या, या चौघांना एकच लेन्स सारखीच चांगली पडत नाही.

लेन्सची पोच मोजायला साधा हिशेब आहे. फोकल लेंथला, म्हणजे लेन्सच्या एमएमच्या आकड्याला, पक्ष्याच्या आकाराने गुणायचे आणि अंतराने भागायचे (आकार आणि अंतर दोन्ही मीटरमध्ये). येणारा आकडा म्हणजे सेन्सरवर पडणारी प्रतिमा. दीड मीटर उंचीचा सारस १०० मीटरवर उभा असेल तर ४०० एमएमने ६ मिलिमीटरची प्रतिमा मिळते, ६०० एमएमने ९ मिलिमीटरची. फुल फ्रेम (मोठ्या आकाराच्या) सेन्सरची उंची २४ मिलिमीटर असते, म्हणजे ६०० वर सारस एक तृतीयांशाहून जास्त फ्रेम भरतो. सोबत बांधी, पाणी आणि जोडीदारही मावतो, फोटो छान होतो. आता चिमणीएवढा पक्षी घ्या, १५ सेंटिमीटरचा, १५ मीटरवर. ६०० एमएमनेसुद्धा तो ६ मिलिमीटरच भरतो. म्हणजे लांब लेन्सची खरी ओढाताण छोट्या पक्ष्यांसाठी होते, मोठ्यांसाठी नाही. हळदीकुंकू बदक साधारण ६० सेंटिमीटरचे असते. ते ८० मीटरवर पोहत असेल तर ६०० एमएमवर साडेचार मिलिमीटर, म्हणजे फुल फ्रेमच्या रुंदीचा आठवा भाग. पाळीवर बसून राहिलात आणि ते ४० मीटरवर आले, तर प्रतिमा दुप्पट. पैसे न देता पोच वाढवायचा हाच एक मार्ग आहे.

‘क्रॉप बॉडीवर ४०० ची ६०० होते’ हे बोलणे अर्धेच खरे आहे. सेन्सरवरची प्रतिमा तेवढीच राहते, फक्त क्रॉप बॉडीचा सेन्सर फुल फ्रेमपेक्षा छोटा असतो. खरा फायदा पिक्सेल दाट असण्यात आहे. त्या ६ मिलिमीटरच्या पक्ष्यावर २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप बॉडीत साधारण १५०० पिक्सेल पडतात, २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेममध्ये साधारण १०००, आणि ४५ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेममध्ये १४०० च्या आसपास. बजेट तंग असेल तर चांगली क्रॉप बॉडी आणि ६०० पर्यंत जाणारा झूम ही जोडी महागड्या फुल फ्रेमपेक्षा जास्त पक्षी देते.

विदर्भात मात्र पोचीला एक मर्यादा आहे आणि ती लेन्सवर छापलेली नसते. ती आहे उन्हाची झळ. जमीन तापली की तिच्यावरची हवा थरथरते, आणि ६०-७० मीटरपलीकडचा पक्षी पाण्यातून पाहिल्यासारखा दिसू लागतो. फोकस बरोबर असतो, शटर वेगवान असते, तरी पिसे उमटत नाहीत. फेब्रुवारीनंतर मोकळ्या माळावर आणि कोरड्या बांधीत सकाळी नऊ-साडेनऊलाच हे सुरू होते. ८०० एमएमची लेन्स लावली तर थरथरही तेवढीच मोठी होते. त्यामुळे अंतर कापायला आणखी लांब लेन्स घेऊन इथे उपयोग थोडा. दूरचे फोटो पहाटेच काढावे लागतात.

पहाट म्हटली की प्रकाश कमी, आणि इथे अ‍ॅपर्चरचा, म्हणजे लेन्सच्या उघडणाऱ्या भोकाचा, प्रश्न येतो; एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त. सूर्य उगवल्यावर लगेचच्या मऊ उजेडात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० आणि एफ/६.३ वर शटर साधारण १/८०० सेकंद मिळते. बसलेल्या सारसाला ते भरपूर आहे, उडणाऱ्या बदकाला अपुरे, कारण त्याला १/२००० हवे. एफ/४ ची लेन्स असती तर तेवढ्याच आयएसओवर ते मिळाले असते. झाडीतल्या सावलीत एफ/६.३ वर शटर १/२०० वर घसरते. तिथे पक्षी मान वळवतो तेवढ्यात फोटो हलतो. मात्र एफ/५.६ आणि एफ/६.३ यांतला फरक फक्त एक तृतीयांश स्टॉपचा आहे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. फरक जाणवतो तो एफ/४ ला, आणि ती किंमत बहुतेकांच्या आवाक्याबाहेर असते. मग पर्याय एकच, आयएसओ ६४०० ला न घाबरणे आणि नंतर नॉइज (फोटोतले दाणे) काढणे. हललेले पीस कोणतेही सॉफ्टवेअर नीट परत आणत नाही.

आता नावे घेऊन बोलू. सोनीची २००-६०० (२११५ ग्रॅम) आणि निकॉन झेडची १८०-६०० (कॉलर, म्हणजे ट्रायपॉडला जोडायची कडी, सोडून १९५५ ग्रॅम) या दोन्हींचा झूम आतल्या आत फिरतो, नळी बाहेर येत नाही. मुरुमाच्या रस्त्यावर आणि कापणीच्या दिवसांत धूळ उडते तेव्हा हा गुण मोलाचा ठरतो. बाहेर येणारी नळी आत जाताना-येताना हवा ओढते आणि हवेसोबत धूळ. कॅननवाल्यांसाठी आरएफ १००-५०० हलकी आहे (कॉलरशिवाय १३७० ग्रॅम), पण शेवटी एफ/७.१ होते, आणि टेलिकन्व्हर्टर (बॉडी आणि लेन्सच्या मध्ये बसणारा, पोच वाढवणारा जोड) लावला की ती ३०० एमएमच्या खाली येत नाही. आरएफ २००-८०० ला पोच मोठी, पण ८०० वर एफ/९. ती उघड्या तलावावर चालते, झाडीत नाही.

जुनी डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर निकॉनची २००-५०० एफ/५.६, आणि सिग्मा किंवा टॅमरॉनच्या १५०-६०० अजूनही उत्तम सौदा आहेत. सिग्माची कंटेम्पररी १९३० ग्रॅमची आहे, स्पोर्ट्स २८६० ची. ते एक किलो पाळीवर अर्धा तास लेन्स उचलून धरल्यावर कळते. हातात धरून काढणाऱ्याने कंटेम्पररी घ्यावी. कॅननच्या ईएफ माउंटची (डीएसएलआरच्या जोडणीची) १५०-६०० आरएफ (मिररलेस) बॉडीवर अडॅप्टरने चालते.

झाडीतल्या छोट्या पक्ष्यांसाठी किमान फोकस अंतर बघायला विसरू नका. सिग्मा कंटेम्पररीचे २.८ मीटर, टॅमरॉन जी-२ चे २.२ मीटर. पक्षी पाणवठ्यावर अडीच मीटरवर येऊन बसतो, त्या वेळी हा अर्धा मीटर लागतो.

टेलिकन्व्हर्टर आधी घेऊ नका. १.४ चा एक स्टॉप खातो, दोनचा दोन. एफ/६.३ ची लेन्स एफ/९ होते आणि पहाटेचा सगळा हिशेब कोलमडतो. बऱ्याच जुन्या डीएसएलआरचा ऑटोफोकस तर एफ/५.६ किंवा एफ/८ पलीकडे चालतच नाही.

सेकंडहँड लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने आत मारा आणि पुढून तिरके पाहा. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरलेली दिसते. विदर्भातल्या पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या लेन्समध्ये ती हमखास सापडते. धुळीचे चार कण चालतात, बुरशी नाही. मग लेन्स पूर्ण लांब करा, १० मीटरवर टांगलेल्या वर्तमानपत्रावर पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरने फोटो काढा, एकदा व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावून) आणि एकदा लाइव्ह व्ह्यूमधून (मागच्या स्क्रीनवर पाहून). डीएसएलआरवर लाइव्ह व्ह्यूचा फोटो धारदार आणि व्ह्यूफाइंडरचा मऊ आला तर फोकस पुढे-मागे पडतो आहे. बॉडीत फाइन ट्यून (फोकस थोडा पुढे-मागे जुळवायची सोय) असेल तर ते सुधारता येते, नसेल तर लेन्स सोडा. एक बाजू धारदार आणि दुसरी मऊ असेल तर आतली काच सरकलेली आहे, ती घेऊ नका. शेवटी १/१२५ वर हातात धरून दहा फोटो काढा. सहा-सात चांगले आले तर स्टॅबिलायझर (हात हलणे सावरणारी यंत्रणा) ठीक आहे.

आधारासाठी मोठा ट्रायपॉड जिप्सीत उघडतच नाही. जाड कापडाची पिशवी शिवून त्यात दोन-अडीच किलो हरभरा किंवा तूर भरा आणि जिप्सीच्या दांडीवर ठेवा. इंजिन बंद करायला सांगा, नाहीतर थरथर लेन्सपर्यंत येते. पाळीवर मात्र मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) बरा. हिवाळ्यात उबदार घरातून लेन्स काढली की हूडच्या (लेन्सपुढच्या आडोशाच्या) आतली हवा वीस-पंचवीस मिनिटे थरथरते. तलावावर पोहोचताच बॅग उघडून लेन्स बाहेर ठेवा, तोवर जागा शोधा.

पावसाळ्यात सारस धानाच्या बांधीतच घरटे करतो. ६०० एमएम हातात आहे म्हणून पऱ्ह्यांतून (धानाच्या रोपांतून) जवळ जाऊ नका. जोडी उठली की अंडी कावळ्यांना आणि कुत्र्यांना मोकळी होतात, आणि शेतकऱ्याचे रोवणेही (लावलेले धान) तुडवले जाते. धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) किंवा रस्त्यावरून मिळेल तेवढेच घ्या.

याच महिन्यांत लेन्स घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलसोबत ठेवा. आत छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारे यंत्र) ठेवा, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत हवी. रंग बदलणारी सिलिका घ्या. रंग बदलला की कढईत मंद आचेवर गरम करून ओलावा घालवा, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात टाका. लेन्ससोबत आलेली बॅग ओलावा धरते, म्हणून पावसाळ्यात तिच्यात लेन्स ठेवायची नाही.