बालीहूराच्या जंगलात सायकल चालवताना

आयर्लंडमध्ये लिमरिक आणि कॉर्क या काउंटींच्या सीमेवर बालीहूराचे डोंगर आहेत. तिथल्या जंगलात माउंटन बाइकसाठी खास आखलेल्या वाटांचं मोठं जाळं आहे. सुरुवात आर्डपॅट्रिक गावाजवळून होते. पहिल्यांदा जाणार असाल तर थेट कॅसलपूकच्या सुमारे 50 किलोमीटरच्या फेरीला भिडू नका. आधी ग्रीनवुडची 6 किलोमीटरची छोटी फेरी मारा. वाट, ब्रेक आणि आपला दम, तिन्हींचा अंदाज तिथेच येतो.

खरी परीक्षा ओलाव्याची. पाऊस थांबला तरी झाडांखालची मुळं आणि दलदलीवर टाकलेल्या लाकडी फळ्या बराच वेळ निसरड्या राहतात. अशा ठिकाणी ब्रेक दाबू नका, हँडल वळवू नका. वेग आधीच कमी करा, नजर पुढे ठेवा आणि सरळ निघून जा. मूळ आडवं असेल तर चाक त्यावर शक्यतो काटकोनात न्या. तिरकं गेलं की पुढचं चाक सटकलंच म्हणून समजा. टायरमध्ये हवा किंचित कमी ठेवली तर पकड चांगली मिळते, पण फार कमी केली तर दगडावर ट्यूब फाटते.

डिसेंबरात साडेचारच्या आतच सूर्य मावळतो आणि झाडीत त्याच्याही आधी अंधारतं. गाडी लावताना फाटक बंद होण्याची वेळ वाचून घ्या. अपघात झाल्यास 112 किंवा 999 लावा.