वायुविहिरीच्या आवारातील माती ओढ्यात जाऊ नये म्हणून

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात मार्सेलस शेल या जमिनीखालील खडकाच्या थरातील नैसर्गिक वायू काढण्यासाठी डोंगरउतार कापून खोदकामाची सपाट आवारे तयार केली जातात. २००५ च्या केंद्रीय ऊर्जा कायद्याने तेल-वायूच्या बांधकामांना पावसाच्या पाण्याविषयीच्या परवान्यातून बहुतांशी सूट दिली. तरीही पाच एकर किंवा त्याहून अधिक जमीन उकरायची असल्यास राज्याचा धूप-नियंत्रण परवाना घ्यावाच लागतो. प्रत्यक्ष माती मात्र थांबते ती कामाच्या योग्य क्रमाने.

पोकलेन लावण्यापूर्वी उताराच्या खालच्या कडेला गाळ अडवण्याची सोय पूर्ण करावी आणि वरच्या कडेला चर खणून डोंगरावरून येणारे स्वच्छ पाणी आवाराबाहेर वळवावे, कारण जे पाणी मोकळ्या मातीला लागलेच नाही ते गाळण्याची गरजच उरत नाही. चराचे पाणी जिथे बाहेर पडते तिथे दगड पसरावेत, अन्यथा तिथेच नवी घळ पडते.

गाळ अडवणारे कापड नुसते खुंट्यांना बांधून भागत नाही. त्याची खालची कड सुमारे सहा इंच खोल चरात पुरून माती घट्ट दाबावी; ती उघडी राहिली तर पाणी खालून निघून जाते आणि वरचे कापड कोरडे, स्वच्छ दिसत राहते. कापड समपातळी रेषेवर लावून दोन्ही टोके चढाकडे वळवावीत. वाहत्या ओहोळात ते कधीही आडवे लावू नये. साचलेला गाळ कापडाच्या निम्म्या उंचीपर्यंत येताच काढावा.

आवारापेक्षा तिथे जाणाऱ्या रस्त्याकडे अधिक लक्ष द्यावे, असे माझे ठाम मत आहे. द नेचर कन्झर्व्हन्सी या निसर्गसंवर्धन संस्थेच्या २०१० मधील पाहणीत प्रत्येक आवारासाठी सरासरी ३.१ एकर, तर रस्ते व इतर सोयींसाठी आणखी ५.७ एकर जमीन मोकळी झाल्याचे आढळले. तीव्र चढाच्या रस्त्यावर ठरावीक अंतराने तिरपे उंचवटे करून पाणी झाडीत सोडावे. आपल्याकडे पाणलोटाची कामे करणारे धावत्या पाण्याला चालायला लावतात, तेच तत्त्व इथे लागू पडते.

वरची सुपीक माती वेगळी रचून तिच्यावर लगेच गवताचे बी व पेंढा टाकावा. काम चार दिवस किंवा अधिक थांबणार असेल, तर उघडी जमीनही तशीच झाकावी. आवारातले गढूळ पाणी साठवून गाळ खाली बसू देणाऱ्या तळ्यातील पाणी तळातून न सोडता तरंगत्या नळीने पृष्ठभागावरून काढावे. बारीक चिकणमाती मात्र तळ्यातही लवकर बसत नाही, म्हणून ती उतारावरच रोखणे महत्त्वाचे ठरते. ओढ्यातील ब्रूक ट्राउट मासे खडीत अंडी घालतात आणि खडीच्या फटी याच मातीने बुजल्या की अंड्यांना प्राणवायू मिळत नाही.

दर आठवड्याला आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर सर्व सोयींची पाहणी करून दुरुस्ती लगेच करावी. उकरलेल्या जमिनीवर किमान ७० टक्के भागात बारमाही गवत सारखे रुजेपर्यंत कापड काढू नये.