आबांचा पानाचा दगड आणि मी घातलेला घोळ

घरात कोणी जुन्या माणसाने ठेवलेला जीवाश्म असेल आणि तो कशाचा आहे ते शोधायचं असेल तर पहिले काहीच करू नका. ब्रश नको, पाणी नको, विम तर बिलकुलच नको. मी हे सगळं करून बसलेय.

आमचे आबा नागपूरजवळच्या सिल्लेवाड्याच्या कोळसा खाणीत होते. त्यांनी आणलेला तळहाताएवढा तांबूस दगड आजीने देवघरात शाळीग्रामाशेजारी ठेवला होता, त्यावर पानासारखा ठसा, म्हणून रोज हळदकुंकू. बीएस्सीला जिऑलॉजी घेतलं आणि पहिल्याच सेमिस्टरला माझ्या अंगात आलं, टूथब्रश घेऊन घासत सुटले. आजी ओरडली, "काय घासून रायली वं, तुह्या आबाचा दगड हाय तो!" तोवर कडेचा एक पापुद्रा निघून आला होता आणि मागे चिकटवलेली चिठ्ठी भिजून लगदा, त्यावर पेन्सिलीने आबांनी काहीतरी लिहिलेलं, उरलं फक्त "ता. सावनेर". आणि गंमत बघा, ते कुंकू शिरांमध्ये बसलं होतं म्हणूनच तर पानाची जाळी इतकी साफ दिसत होती, तेच मी धुऊन काढलं.

कॉलेजात सरांनी दगड हातात घेतला, उलटापालटा केला, आणि "हे काय आहे" यावर न बोलता विचारलं, "कुठला?" मी गप्प. तेव्हा कळलं की अर्धी ओळख पत्त्यातच असते.

बाकी अर्धी डोळ्यांनी. मोबाईलचा टॉर्च एका बाजूने तिरपा धरा, समोरून नाही, मग शिरांची सावली पडते. माझ्या दगडात मधोमध जाड शीर, तिच्या दोन्ही बाजूंना जाळी, आकार जिभेसारखा. म्हणजे ग्लोसॉप्टेरिस, नावच ग्रीकमधल्या जिभेवरून आलंय. पर्मियन काळातलं झाड, २५ कोटी वर्षांहून जुनं. दक्षिण ध्रुवावरून परतताना अंटार्क्टिकावर मेलेल्या स्कॉट या शोधप्रवाशाच्या टीमजवळ १९१२ मध्ये जे दगड सापडले त्यातही हेच होतं. ही पानं भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया सगळीकडे सापडतात म्हणून तर हे भाग एकेकाळी जोडलेले होते असं म्हणता येतं, आणि त्या जोडखंडाला नाव आपल्या गोंडांच्या मुलखाचं, गोंडवाना. नागपुरात राहून हे माहीत नसणं म्हणजे जरा लाजच. हिस्लॉप कॉलेजच्या नावातले मिशनरी हिस्लॉपसाहेब १८६३ मध्ये बुडून गेले, त्याआधी त्यांनी याच भागात पानांचे ठसे गोळा केले होते.

पण फसू नका. मनसरकडचा मँगनीजचा दगड असेल आणि त्यावर काळं नाजूक नेच्यासारखं काही असेल तर ते बहुतेक डेंड्राइट, दगडाच्या भेगेत खनिज पसरून झालेली नक्षी. त्यात मधली शीर नसते, फांद्या कशाही फुटतात. दर वर्षी कोणीतरी हे पान म्हणून आणतंच. नुसत्या फोटोवरून प्रजातीचं नाव सांगणाऱ्यावर पण विश्वास ठेवू नका, माझं एकच अर्धं पान आहे, त्यावरून मीही ग्लोसॉप्टेरिस या गटाच्या नावापाशीच थांबते.

मग पत्ता शोधायला लागले. घरच्या सगळ्यांना एकत्र बसवून विचारू नका, एक बोलला की बाकीचे मान डोलावतात. मी वेगवेगळं विचारलं. मामा म्हणाला खाणीतला. आजी म्हणाली, "खाणीतला नाई नं, बोखाऱ्याले कोनाची तरी विहीर खोदत होते, तिथून आनला त्यानं." चिठ्ठीवर मात्र सावनेर, आणि सिल्लेवाडा सावनेर तालुक्यातच येतो. खडक तांबूस, कोळशाच्या थरातला वाटत नाही, त्याच्या वरच्या कामठी नावाच्या थरातला वाटतो, म्हणजे मामाचंही पूर्ण जुळत नाही. शेवटी कार्डावर लिहिलं, "कामठी थर, सिल्लेवाडा किंवा बोखारा, नक्की नाही", खाली कोण काय म्हणालं तेही, तारखेसकट. निघालेला पापुद्रा वेगळ्या डबीत ठेवला, फेव्हिक्विक लावला नाही.

आजी बाजूलाच बसली होती. म्हणे, "झालं का लिहून? मंग दे इकडे." आणि कुंकवाचा करंडा उघडला.