ट्रॅव्हल ट्रेलर प्रथमच ओढताना

अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचे चाकांवरचे घर, प्रथमच ओढणाऱ्याने वेगाआधी वजनाचा विचार करावा. सामानासह ट्रेलरचे जे वजन भरेल, त्याच्या साधारण १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या सांध्यावर, यायला हवा. जड सामान मागे रचल्याने तो कमी पडला, तर महामार्गावर ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो. अशा वेळी गाडीचा ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटर सोडावा, स्टीअरिंग सरळ धरावे आणि चालकाजवळच्या ब्रेक कंट्रोलरवरून केवळ ट्रेलरचे ब्रेक हलकेच लावावेत. कॅलिफोर्नियात ट्रेलरसाठी ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे. नवख्याला तीही जास्तच वाटावी. मागे घेताना हात स्टीअरिंगच्या तळाशी ठेवल्यास तो ज्या बाजूला सरकेल त्याच बाजूला ट्रेलर वळतो. कोन फार झाल्यास पुढे जाऊन गाडी सरळ करावी.