होडीचं नवं इंजिन ३८ तासांत बिघडलं, वॉरंटी कशी मिळवली

गोव्यात चापोऱ्याला आमची छोटी होडी आहे, मासेमारीबंदी ३१ जुलैला संपली आणि नवं आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) लावून निघालो, ३८ तास चाललं नि मध्येच गरम होऊन पॉवरच गेली. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघितलं तर एका सिलिंडरला १५० psi आणि दुसऱ्याला जेमतेम ७०!

डीलर म्हणाला, पाण्याबाहेर चालवलंत, वॉरंटी नाही. मी मात्र स्वतः स्क्रूला हात लावला नाही, नाहीतर तोच बहाणा झाला असता. त्यांच्याच मेकॅनिककडून इंजिन थंड ठेवणारा वॉटर पंप उघडवला, व्हिडिओ काढत. कोरडं चाललं असतं तर इम्पेलरची (पंपातल्या रबरी चाकाची) सगळी पाती जळाली असती ना, पण इथे एकच पातं मुळातून तुटून पाण्याच्या वाटेत अडकलेलं, बाकीची नवीकोरी. मेकॅनिकचं तोंड बघण्यासारखं झालं.

तरी टाळाटाळ, मग म्हणे धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहकच नाही. पण २०१९ च्या ग्राहक कायद्यात स्वतः राबून पोट भरणारा ग्राहकच धरलाय. हे, व्हिडिओ आणि पहिल्या सर्व्हिसचं बिल जोडून लेखी पत्र दिलं, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारही केली. तीन आठवड्यांत नवा पॉवरहेड (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग) आला, मजुरी मात्र माझ्याच खिशातून.