फेसबुकवर पाटील शेकड्यानं, आपला कोणता?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडचा एखादा पाटील फेसबुकवर शोधायला गेलं की ढीगभर पाटील निघतात. नाव मराठी, कन्नड आणि रोमन अशा तिन्ही लिपींत टाकून बघा. सीमाभागात कोण कुठल्या लिपीत खातं उघडेल याचा नेम नाही. मग म्युच्युअल फ्रेंड्स पाहा. त्यात गावातलं, भावकीतलं कुणीच दिसत नसेल तर घाई नको.

जास्त सावध राहायचं ते यादीत आधीच असलेल्या माणसाची नवी रिक्वेस्ट आली तर. बहुतेक वेळा त्याचा फोटो उचलून कुणीतरी बनावट खातं काढलेलं असतं, आणि दोन दिवसांत मेसेंजरवर ‘जरा पैसे पाठव, अडचण आहे’ सुरू होतं. स्वीकारण्याआधी त्याच्या जुन्या नंबरवर फोन लावा. खातं खोटं निघालं तर प्रोफाइलवरच्या तीन टिंबांतून रिपोर्ट करा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

अशा भामट्यांना सावज मिळतं ते आपल्या उघड्या मित्रयादीतून. सेटिंग्जमध्ये जाऊन ती ‘ओन्ली मी’ करा. रिक्वेस्ट कोण पाठवू शकेल, तेही तिथंच ‘फ्रेंड्स ऑफ फ्रेंड्स’वर आणता येतं.

सकाळ-संध्याकाळ राजकारण फॉरवर्ड करणाऱ्या मामांना मात्र अनफ्रेंड करू नका. फेसबुक त्यांना कळवत नाही, पण लग्नात विषय निघतोच. त्यापेक्षा अनफॉलो करा: मैत्री राहते, पोस्ट दिसत नाहीत.